आखूड पाय, पण छाती मोठी

डॅशहुंडला घरातच ठेवावं, इतक्या आखूड पायांचं कुत्रं टेकडी कसलं चढणार, असं कुणीतरी विचारलंय. आमची चिंगी नऊ वर्षांची आहे आणि आठवड्यातून तीनदा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर येते. बीळ दिसलं की नाक आत, मागचे पाय ताठ, पुढच्या पंजांनी माती थेट माझ्या चपलांवर. हाका मारून उपयोग नाही, जवळ जाऊन उचलावंच लागतं.

हा तिचा हट्ट नाही, रक्तातच आहे. जर्मनीत ही जात बिळात शिरून बॅजर या बीळ खोदून राहणाऱ्या प्राण्याला भिडण्यासाठी तयार झाली. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर, 'हुंड' म्हणजे कुत्रा. जमिनीखाली अंधारात मालकाची आज्ञा कुठून ऐकू येणार? स्वतःचं स्वतः ठरवणारंच कुत्रं तिथे हवं होतं. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकचं शुभचिन्ह 'वाल्डी' डॅशहुंडच होतं, तिथली मॅरेथॉनही त्याच्या आकाराच्या मार्गावर झाली!

तेव्हा फिरवा, भरपूर फिरवा. जपायची ती पाठ. लांब कण्यामुळे मणक्यातली चकती सरकण्याचा धोका या जातीत खूप असतो. सोफ्यावरून उडी मारू देऊ नका, उतरायला तिरकी फळी लावून ठेवा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी. माझ्या भाच्यांना मी आधी हेच शिकवलं, मग चिंगीला हात लावू दिला. आणि वजन वाढू देऊ नका, पोळीचा तुकडा कितीही केविलवाणं बघून मागितला तरी.