कोरियाचे आजोबा आणि नातवंडं

पिसा या ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या) आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत दक्षिण कोरिया वर आहे, म्हणजे तिथलं शिक्षण पहिल्यापासूनच भक्कम, असा मुद्दा मांडला जातो; तो पटत नाही. पिसा मोजते फक्त १५ वर्षं ३ महिने ते १६ वर्षं २ महिने वयाची शाळेत जाणारी मुलं. आजी-आजोबांचं काय, हे पाहायचं तर ओईसीडीचीच १६ ते ६५ वयाच्या प्रौढांची पाहणी, पिआक, उघडावी लागते. २०१३ साली जाहीर झालेल्या निकालात वाचनकौशल्यात ५५-६५ वयोगटात कोरिया तळाच्या काही देशांत होता, आणि १६-२४ वयोगटात अगदी वरच्या देशांत! इंग्लंड-उत्तर आयर्लंडचं नेमकं उलटं: वयस्क वरच्या तीन देशांत, तरुण खालच्या तीन देशांत.

मात्र एकाच देशातल्या दोन वयोगटांच्या गुणांची थेट वजाबाकी करून तिला ‘पिढीचा फरक’ म्हणू नका. कौशल्य साधारण तिशीच्या आसपास कळसाला पोचतं आणि मग हळूहळू उतरतं. त्यामुळे वजाबाकीत वय आणि शिक्षण दोन्ही मिसळतात. म्हणून दर वयोगटाचं स्थान इतर देशांच्या त्याच वयोगटाशी ताडून पाहायचं. आणि पिसाचे गुण पिआकच्या गुणांशेजारी तर मुळीच मांडू नयेत, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.