शहागडला अडकलो आहे: मागचे चाक पुन्हा पुन्हा बसते, गोदाकाठाने गंगाखेडला जायचे आहे

गोदाप्रवासी: नमस्कार. पैठणहून आपेगावमार्गे आज शहागडला पोहोचलो असून पुढे महामार्ग टाळून नदीकाठच्या गावांतून गंगाखेड गाठायचे आहे. पंक्चर काढले तरी मागचे चाक थोड्याच वेळात बसते आणि येथील दुकानातला पंप ट्यूबला लागत नाही. पहाटे निघायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

काळी माती: सायकल कोणती, टायर किती रुंद, व्हॉल्व्ह कोणता, यातले तुम्ही काहीच लिहिलेले नाही. भोक ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला आहे की रिमकडच्या, हेही पाहून सांगा.

दूरचा पल्ला: ट्यूबलेस करून घ्या. आत सीलंट नावाचा चिकट द्रव असला की बाभळीचा काटा घुसला तरी भोक आपोआप बुजते. मी दुसरे काही वापरतच नाही.

काळी माती: शहागडात रातोरात ट्यूबलेस कोण करून देणार? शिवाय टायर कडेला फाटला तर सीलंट निरुपयोगी ठरते आणि शेवटी ट्यूबच घालावी लागते.

जालनेकर: वेळ वाचवायचा असेल तर जालन्याहून समृद्धी महामार्ग धरावा, रस्ता उत्तम आहे.

बालाघाट: समृद्धीवर सायकललाच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही, आणि तो रस्ता नागपूरला जातो. यांना गावे पाहायची आहेत.

गोदाप्रवासी: हायब्रिड सायकल, ३५ मिमी टायर, प्रेस्टा म्हणजे बारीक, लांब तोंडाचा व्हॉल्व्ह. भोक दोन्ही वेळा बाहेरच्या बाजूला आणि जवळजवळ एकाच जागी पडले आहे.

काळी माती: म्हणजे काटा अजून टायरमध्येच आहे. ट्यूबवरच्या भोकाची जागा व्हॉल्व्हपासून मोजून टायरवर तेवढ्याच अंतरावर खूण करा, टायर उलटा करून आतून फडके हळूहळू फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे मोडलेले टोक असते. सराट्याचे टोक बाहेरून दिसत नाही, ते चिमट्याने आतूनच ओढावे लागते. पंपासाठी प्रेस्टावर बसणारा छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर हवा. तो लावण्यापूर्वी व्हॉल्व्हची बारीक चकती सैल करावी. मग मोटारसायकलच्या हवेचा पाइपही चालतो, मात्र हवा थोडी थोडी भरावी.

वारकरी: गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी आहे, तेथे दर्शन घ्यावे; पुढे हिंगोली जिल्ह्यातले नर्सी नामदेवही अवश्य पाहावे.

बालाघाट: दर्शन होईलच, आधी चाक चालायला हवे. पाऊस झाला असेल तर पाणंद रस्त्याने जाऊ नका, कारण काळी चिकण माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की सायकल ढकलताही येत नाही; डांबरी ग्राममार्ग धरा. मुक्काम मंदिरात करणार असाल तर दिवस मावळण्यापूर्वी पोचून पुजाऱ्यांना विचारा आणि पोलीस पाटलांना कळवा, म्हणजे रात्री कोणी शंका घेत नाही.

गोदाप्रवासी: टोक सापडले, खुणेपासून बोटभर अंतरावर होते. माझ्याकडे छोटा हातपंप आहे, परंतु त्याने पुरेसा दाब येत नाही, आणि अ‍ॅडॉप्टर येथे कोणाकडेही नाही. गेवराईत मिळेल का?

काळी माती: गेवराई तुमच्या वाटेपासून दक्षिणेला आहे. हातपंपाने जमेल तितकी हवा भरा, पिशव्यांचे ओझे शक्य तेवढे पुढच्या चाकावर घ्या आणि वाटेत मोठे गाव लागले की आधी सायकलचे दुकान विचारा.