बीटीसीसीची जुनी मजा खरंच गेली का?

ओव्हरस्टीअर:
सुपर टूरिंग नियमांच्या काळातल्या (१९९१ ते २०००) रेस पाहिल्या की आताची ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप (बीटीसीसी), म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या रेस गाड्यांची स्पर्धा, फिकी वाटते. व्होल्वो ८५० चं पाच सिलिंडरचं इंजिन, फोर्ड मॉन्डेओचं व्ही६, चारही चाकांना ताकद देणारी आउडी ए४ क्वाट्रो; नुसत्या आवाजावरून गाडी ओळखू यायची. आता एनजीटीसी (नेक्स्ट जनरेशन टूरिंग कार) नियमांत वरचा पत्रा फोर्डचा किंवा ह्युंदाईचा, पण सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारा सांगाडा), सस्पेन्शन, एक्सट्रॅकचा गिअरबॉक्स, एपी रेसिंगचे ब्रेक सगळ्यांना तेच. मग फोर्ड जिंकली यात फोर्डचं काय? शिवाय रेस म्हणजे नुसती धक्काबुक्की. जाणकारांनी सांगावं.

टॉर्करेंच:
तो काळ नियमांनी नाही, खर्चाने संपला. १९९४ मध्ये अल्फा रोमिओ १५५ ला स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पट्टी) आणि मागची विंग होती, दोन्ही हवेच्या दाबाने पकड वाढवणारी, बाकीच्यांना नव्हती. तक्रार झाली, आउल्टन पार्क ट्रॅकवरून अल्फा संघ सामान आवरून निघून गेला. पुढे परतला आणि त्यांचा ड्रायव्हर तार्क्विनी याने विजेतेपदही नेलं. पण १९९५ पासून विंग सगळ्यांनाच मिळाली आणि विंड टनेलचं (हवेच्या बोगद्यातल्या चाचण्यांचं) बिल सुरू झालं. रेनॉची गाडी फॉर्म्युला वनच्या विल्यम्स संघाकडे, व्होल्वोची टीडब्ल्यूआर या रेसिंग कंपनीकडे. दोन लिटर, टर्बो नाही, ८५०० आरपीएमची मर्यादा. म्हणजे प्रत्येक जादा अश्वशक्ती प्रचंड महाग. १९९९ संपताना निसान, रेनॉ, व्होल्वो तिघेही गेले. २००० मध्ये कंपन्यांचे संघ उरले तीन: फोर्ड, होंडा, व्हॉक्सहॉल.

२०११ ला आलेल्या एनजीटीसीचे सामायिक भाग याच दुखण्यावरचं औषध आहे. रविवारी तीन रेस असतात. पहिल्या रेसमध्ये पुढचं चाक आत दबलं, तर सस्पेन्शनचे भाग काढून ठरलेले नवे लावायचे, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायचं आणि दुसऱ्या रेसला उभं राहायचं. सुटे भाग ठरावीक नसते तर छोटा खासगी संघ तिथेच घरी गेला असता.

वेगळेपण संपलं म्हणता, पण २०१७ ला ॲश सटन सुबारू लेव्होर्गवर विजेतेपद जिंकला: बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरचं) इंजिन, तेही इस्टेट (मागे लांब डिकीच्या) गाडीत. लोकांची लाडकी व्होल्वो ८५० इस्टेट एकही रेस जिंकलेली नाही.

चर्च_कॉर्नर:
फरक पत्र्याखाली शोधू नका, टायरवर शोधा. थ्रक्स्टनचा ट्रॅक बघा. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने, लांब आणि वेगवान उजवी वळणं, डांबर खरखरीत. सगळा भार डाव्या बाजूच्या टायरांवर. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचा डावा टायर वळवतो, ओढतो आणि ब्रेकही झेलतो. पकड वाढावी म्हणून निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) जास्त दिला की सरळ रस्त्यावर टायरची आतली कड तापते, फोड येतात आणि शेवटच्या लॅप्समध्ये टायर फुटतो. कॅम्बर कमी केला तर क्वालिफायिंगमध्ये (रेसमधली जागा ठरवणाऱ्या लॅप्समध्ये) वेळ जातो. संघाची अक्कल इथे दिसते.

उलट थंडीत ब्रँड्स हॅचला फ्रंट-व्हील ड्राइव्हचे मागचे टायर पहिल्या लॅपला तापतच नाहीत. तिथल्या उतारावरच्या पॅडक हिल वळणाला ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सुटतो. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, वाचवायचं ते हातापायांनीच. रिअर-व्हील ड्राइव्ह बीएमडब्ल्यू स्टार्टला पुढे झेपावते, कारण वजन मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर जातं.

ग्रिड_क्र_१२:
टायरचं पटलं, पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिलाच. धक्काबुक्की वाढते ती वेग बरोबरीला आणल्यामुळे. आधी जिंकणाऱ्यावर बॅलास्ट (जादा वजन), एके काळी ७५ किलोपर्यंत. २०२२ ते २०२४ हायब्रिड, त्यात आघाडीवाल्याला विजेची जादा ताकद कमी सेकंद. २०२५ ला हायब्रिड काढलं आणि तोच हिशोब टर्बो बूस्टवर (टर्बोने मिळणाऱ्या जादा ताकदीवर) आला. दोन गाड्या एकाच ठिकाणी ब्रेक मारत असतील आणि ट्रॅक ब्रँड्सच्या इंडी सर्किटसारखा दोन किलोमीटरहून छोटा असेल, तर मागच्याकडे बंपर सोडून उपाय काय उरतो? त्यात शेवटच्या रेसला चिठ्ठी काढून पुढची ग्रिड (सुरुवातीची रांग) उलटी. माझा विरोध सामायिक भागांना नाही, या शिक्षेला आहे. चांगलं काम करणाऱ्याला मागे ओढून चुरस आणायची, हे मला मान्य नाही.

टॉर्करेंच:
@ग्रिड_क्र_१२, उलटी ग्रिड मलाही नको. पण शिक्षा असूनही सटनने २०२० आणि २०२१ रिअर-व्हील ड्राइव्ह इन्फिनिटीवर, २०२३ फ्रंट-व्हील ड्राइव्ह फोकसवर जिंकलं. ड्रायव्हर झाकला जात नाही. आणि पर्याय पाहा: जर्मनीच्या डीटीएम स्पर्धेने २०२१ ला जीटी३ (स्पोर्ट्सकारवर बेतलेल्या) गाड्या घेतल्या, म्हणजे ती टूरिंग कारच राहिली नाही. टूरिंग कारची जागतिक मालिका डब्ल्यूटीसीआर २०२२ नंतर बंद पडली.

ओव्हरस्टीअर:
मग रेस बघताना नेमकं काय बघू?

चर्च_कॉर्नर:
एकच रेस नको, रविवारच्या तिन्ही सलग बघा. पहिल्या रेसच्या आधी कुणी कोणता टायर लावला ते टिपून ठेवा, गुणतक्त्यातला पहिला कोण तेही. मग तो ड्रायव्हर कमी बूस्ट असताना सरळ रस्त्यावर किती मागे पडतो आणि ब्रेकिंगला किती भरून काढतो, एवढ्यावरच डोळा ठेवा. थ्रक्स्टनला शेवटच्या पाच लॅप्समध्ये पुढचा डावा टायर. ऑनबोर्ड कॅमेरा मिळाला तर वळणात स्टीअरिंग किती वळलंय ते पाहा. तेवढ्याच वळणाला दर लॅपला हात जास्त फिरू लागले, तर पुढची पकड संपत आली आहे.