वंशावळीत ज्यांची नावं नाहीत ती मुलं : तुमचे अनुभव लिहा

जात पडताळणीमुळे म्हणा किंवा २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली म्हणून म्हणा, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची कितीतरी माणसं पहिल्यांदाच तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन बसली. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीला १९५० पूर्वीचा. मग गाव नमुना १४ काढतात, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. त्यात जन्म आणि मयत दोन्ही असतात. आपण शोधायला जातो आजोबांचा जन्म आणि सापडतात त्यांच्या भावंडांच्या मयताच्या नोंदी.

आमच्या घरात पणजोबांची मुलं म्हणून चौघंच माहीत होती. वहीत त्यांच्या नावापुढे 'मुलगा', 'मुलगी' अशा नोंदी येतच राहिल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांची दुसरी नोंद मयतात. एका मुलीच्या जन्माच्या आणि मयताच्या तारखेत अकरा दिवसांचं अंतर. नाव नाहीच, नुसतं 'मुलगी'. तिला जाऊन शंभर वर्षं होत आली, पण त्या दिवशी मला घास गिळवेना. घरी सांगितलं तर सगळे म्हणाले, तेव्हा असंच असायचं. असायचं, हे मलाही माहीत आहे. तरी त्या मुलीला जन्म देणारी बाई माझी पणजी होती आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा बाळंत झाली, हे वाचल्यावर मला तिच्याबद्दल आधी जे माहीत होतं ते फार अपुरं वाटायला लागलं.

तुमच्या घरी असं काही सापडलं का? सापडल्यावर तुम्हाला काय झालं? घरच्यांना सांगितलंत का? मोकळेपणाने लिहा. नावं लिहायची नसतील तर नका लिहू.

अमळनेर तालुका

आमच्याकडे कोजागरी करत नाहीत. दूध आटवायचं नाही, गच्चीवर बसायचं नाही. का, तर 'आपल्यात चालत नाही'. वडिलांनाही यापुढे काही माहीत नव्हतं.

वही मोडीत होती, म्हणून वाचायला एका ओळखीच्या काकांना सोबत नेलं. ऑक्टोबर १९१८ ची पानं आली आणि काकांचा वाचायचा वेग मंदावला. त्याआधीच्या महिन्यांत पानावर दोन-चार मयत, आणि इथे पानामागून पान भरलेलं. वय दोन, वय सहा, वय तीस, वय एक. कारण सगळीकडे एकच, ताप. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. त्या वर्षी पाऊसही नीट झाला नव्हता, लोक आधीच अर्धपोटी होते. आमच्या पणजोबांच्या घरातली तीन मुलं आश्विनातल्या एकाच पंधरवड्यात गेली, त्यातलं शेवटचं कोजागरीच्या आदल्या दिवशी.

सणाच्या तोंडावर घरात मयत झाली की तो सण पडतो. पुढे त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तर सुटतो. आमचा सुटलाच नाही. आम्ही शंभर वर्षं त्या तीन मुलांचं सुतक पाळत होतो आणि घरातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. हे वडिलांना सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, राहू दे, नकोच करायला कोजागरी. पूर्वी न करण्याचं कारण माहीत नव्हतं, आता माहीत आहे, एवढाच फरक. पण मला तो फरक फार मोठा वाटतो.

चोपडा

माझ्या आजोबांचं नाव उखर्डू. आधीची तीन लेकरं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर लोळवून आणलं, शेजारणीला सूपभर ज्वारीला विकून परत घेतलं आणि नाकही टोचलं. आमच्या गावात जुन्या पिढीत भिका आहेत, दगडू आहेत, नथ्थू, झिपरू, रोडू, धुडकू आहेत. वडील सही करताना मधलं अक्षर नुसतं 'उ.' लिहायचे, सरकारी नोकरीत कुणी हसू नये म्हणून.

नावामागची ही गोष्ट आम्ही लहानपणापासून गंमत म्हणून ऐकत आलो. वहीत त्या तीन लेकरांच्या नोंदी एकाखाली एक पाहिल्या तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या बाईने चौथ्या वेळी स्वतःचं बाळ कचऱ्यात ठेवलं तेव्हा ती किती घाबरलेली असेल. पहिल्या मुलाचं नाव रामचंद्र होतं. दुसऱ्याचं लक्ष्मण. तिसऱ्याचं लिहिलेलं नाही. चौथा उखर्डू, आणि तो ब्याऐंशी वर्षं जगला.

माझ्या मुलाच्या मुंजीच्या पत्रिकेत मी त्याच्या पणजोबांचं नाव पूर्ण छापलं.

धुळे

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ज्यांच्या हाती नोंदी आहेत त्यांनी दोन तारखांमधलं अंतर आणि महिना बघावा. धडधाकट जन्मलेलं मूल पाच ते दहा दिवसांत गेलं असेल तर बहुतेक धनुर्वात. नाळ विळ्याने कापायची, बेंबीवर राख नाहीतर शेण लावायचं. चार-पाच दिवसांनी बाळ दूध ओढेनासं होतं, जबडा मिटतो, अंग ताठतं. लोक सटवाईवर ढकलायचे आणि कित्येकदा आईवरच. बारशाआधीच बाळ गेल्यामुळे नाव नाही, म्हणून वहीत नुसतं 'मुलगी'. वर्ष-दीड वर्षाचं मूल असेल तर गोवर, देवी, डांग्या खोकला. पावसाळ्यात हगवण आणि पटकी. कारणाच्या रकान्यात 'ताप' असलं तर त्यावरून काहीच ठरवू नका, न कळलेलं सगळं त्यात टाकलेलं असायचं.

देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. सार्वत्रिक लसीकरण १९८५ मध्ये सुरू झालं, गोवराची लस त्यातूनच घरोघर पोचली. १९७१ मध्ये देशात हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० मध्ये महाराष्ट्रात हा आकडा १६ होता. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय.

माझ्या आईची दोन बाळं माझ्याआधी गेली होती, हे मला तिच्या पश्चात तिच्या भावाकडून कळलं. दोन्ही आठवड्याच्या आतली. माझ्या मुलीच्या जन्मानंतरचे पहिले दहा दिवस आई रात्रभर बाळाजवळ बसायची आणि तासातासाला बोटाने तोंड उघडून बघायची. दवाखान्यातलं बाळंतपण होतं, इंजेक्शनं झालेली होती, मी तिला समजावून सांगायचो. ती मान हलवायची आणि परत बघायची. तिला काय बघायचं होतं ते मला डॉक्टर असून तेव्हा उमगलं नव्हतं. मामाने सांगितलं त्या रात्री मी खूप रडलो.

साक्री

आई चौऱ्याऐंशीची आहे. वंशावळ लिहायला घेतली तेव्हा तिला सहज विचारलं, आई, आम्हा पाच जणांच्या आधी कुणी होतं का? ती ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "व्हता ना. मन्हा पयला पोऱ्या."

मग एकदम सगळं बोलली. दीड वर्षाचा होता. देवी आल्या होत्या. त्याच्या डाव्या कानामागे तीळ होता, चालायला लागला तेव्हा बैलाच्या घुंगरांच्या आवाजाकडे धावायचा. लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून पांझरेच्या काठाला पुरलं. तिला नेलं नाही. मोठा भाऊ तेव्हा पोटात होता, सासू म्हणाली, पोटातल्याला बाधेल, रडू नको. ती रडली नाही. महिन्याभराने माहेरी गेली, तिथे आईने विचारलं नाही, बहिणींनी विचारलं नाही. ती म्हणाली, "आजलोंग माले कोन्हीच इचारं नही."

आम्ही पाच भावंडं साठीला आलो तरी आमचा एक भाऊ होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठा भाऊ तर हे ऐकून हादरला. तो म्हणतो, मी घरातला मोठा म्हणून आयुष्यभर वागलो आणि माझ्याआधी कुणीतरी होता.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला प्रश्न आला. आमच्याकडे सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत एकेका पितराचं नाव घेतात, घागर पुजतात, सांजोऱ्या आणि आंब्याच्या रसाची आगारी, म्हणजे पितरांचा घास, विस्तवावर टाकतात. भाऊ म्हणाला, त्याचं नाव घेऊ. काका म्हणाले, एवढ्याशा लेकराला पितर म्हणत नाहीत, त्याला आगारी नसते. दोघांची चांगली वादावादी झाली. आई आतून आली, तिने स्वतः उंबरठ्यावर बोट उमटवलं आणि त्याचं नाव मोठ्याने घेतलं. श्रीराम. काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवायलाही थांबले नाहीत. त्यांचं म्हणणं रीतीला धरून असेल. आम्ही मात्र यापुढे नाव घेणार.

रावेर

साक्रीच्या ताईंचा अनुभव वाचून बरं वाटलं, पण सगळीकडे असंच होईल असं समजू नका. माझ्या चुलतभावाने हातात नोंदींच्या झेरॉक्स घेऊन नव्वदीतल्या आजीला विचारलं, ही कोण, ही कशाने गेली, हा कोण. आजीने उत्तर दिलं नाही. संध्याकाळपासून अन्न सोडलं, दोन दिवस नुसत्या पाण्यावर. ज्या माणसाने सत्तर वर्षं एक गोष्ट आत दाबून धरून दिवस काढले, त्याच्यापुढे कागद धरून हिशेब मागू नये. आपल्याला माहिती हवी असते, पण त्यांच्यासाठी ती माहिती नसते. विचारायचंच असेल तर एकटं बसून, हलक्या हाताने, आणि त्यांनी विषय बदलला की आपणही बदलावा.

धागाकर्ती

रावेरचं म्हणणं अगदी मान्य. सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा, विशेषतः नोंदी घेऊन उत्साहाने घरी जाताना.

पारोळा

मी शिक्षिका आहे. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर दाखल्यांसाठी रोज उघडावं लागतं. आजोबांचा दाखला शोधताना त्यांच्याच वडिलांचं नाव लावलेला आणखी एक मुलगा दिसला, दोन वर्षांनी मोठा. इयत्ता दुसरी. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण, मयत. त्या एका पानावर त्या कारणाची आणखी तीन मुलं होती. मला वर्गात परत जाऊन शिकवायचं होतं आणि समोर दुसरीचाच वर्ग होता.

यावल

आमचे भाट दर काही वर्षांनी यायचे, वही वाचायचे आणि बिदागी घेऊन जायचे. दहा पिढ्या तोंडपाठ. मी एकदा विचारलं, मुली कुठे आहेत? लेकी लिहायची रीत नाही म्हणाले. जगलेल्या लेकीच नाहीत तर गेलेल्या कुठून असणार. कोतवाल बुकात मात्र त्या मिळतात, कारण तिथे ज्याची मयत त्याची नोंद. माझ्या पणजीच्या चार मुली मला तिथे भेटल्या. त्यातल्या दोघी जुळ्या, एकाच तारखेला जन्म आणि तीन दिवसांच्या अंतराने मयत.

धडगाव

आमच्या सातपुड्याच्या पाड्यांवर जुनी वहीच नसते, सगळं माणसांच्या तोंडी. मी नर्स आहे. फॉर्मवर दोन रकाने असतात, जन्मलेली मुलं आणि हयात मुलं. म्हाताऱ्या बायकांना विचारलं, किती मुलं, तर त्या सगळ्यांची नावं घेतात, गेलेल्यांची आणि असलेल्यांची, जन्माच्या क्रमाने. दुसरा रकाना मला पुन्हा विचारून भरावा लागतो. माझ्या आजीनेही तशीच नावं सांगितली होती. मी ती तेव्हाच लिहून घेतली, म्हणून आज आहेत. ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांनी यंदाच लिहून घ्या.

भुसावळ

वंशावळीचा तक्ता करणाऱ्यांसाठी. आम्ही लहानपणी गेलेल्यांची चौकट इतरांएवढीच ठेवली, नाव नसेल तिथे 'मुलगी, १९२६' असं लिहिलं. दोन-तीन नातेवाइकांनी काढून टाका म्हणून सांगितलं, अपशकुन वाटतो म्हणून. काढलं नाही. नकला मागताना एक ध्यानात ठेवा, १९०६ नंतरच्या जुन्या कागदांवर पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी जिल्ह्यांची नावं असतात. नंदुरबार जिल्हा १९९८ चा, त्यामुळे तिकडच्या गावांचे काही कागद धुळ्यातही विचारून बघा. अर्जात गाव, तालुका आणि अंदाजे वर्षं द्या. फक्त जन्माची नक्कल मागू नका, मयताचीही मागा.

शिरपूर

माझ्या आजीचं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. तिची धाकटी बहीण आखाजीच्या झोक्यावरून पडून गेली, वय सात-आठ असेल, १९३५ च्या आसपास. आजी तिला शेवटपर्यंत 'बाई' म्हणायची, खरं नाव कुणालाच माहीत नाही. त्या भागातल्या गावांच्या मयत नोंदी कुणी पाहिल्या असतील, किंवा त्या काळातलं शाळेचं रजिस्टर कुणाच्या ओळखीत असेल, तर कळवा. वही मोडीत असली तरी चालेल. अमळनेरच्या काकांना विचारते.