माळ्यावर राहायचं तर कौलांखाली हवा खेळू द्या

छपराच्या वाशांना खालून प्लायवूड ठोकलं की माळ्यावर उकाडा कमी होतो, असं म्हणतात. उकाड्यापुरतं खरं आहे, पण कौलारू घरात हीच युक्ती पावसाळ्यात अंगाशी येते. गुहागरकडच्या आमच्या घरी पोरांना अभ्यासाची खोली म्हणून माळा असाच बंद करून घेतला. जुलैत वानरांनी दोन कौलं सरकवली. पूर्वी गळलं की खाली टोप ठेवायचा आणि काठीने कौल ढकलायचं, संपलं. आता पाणी प्लायवरून उतरत भलत्याच कोपऱ्यात टपकायला लागलं, मूळ जागा कुठली ते कळेचना. दसऱ्याला प्लाय काढलं तर एका वाशात नख सहज रुतत होतं, आणि वाळवीची मातकट रेघ पार आढ्यापर्यंत पोचलेली!

दुसऱ्या खेपेला सुताराने सीलिंग वाशांपासून चार बोटं खाली घेतलं. वळचणीला आणि आढ्याजवळ फट ठेवून तिला बारीक जाळी मारली (नाहीतर उंदीर आणि वटवाघळं आधी राहायला येतात). तापलेली हवा वरून निघून जाते, लाकूड सुकतं. तुकडे स्क्रूवर बसवलेत, त्यामुळे गळलं तर तेवढाच उतरवता येतो. खर्च मात्र दोनदा झाला. मे महिन्यात दुपारी बारा ते चार तिथे अजूनही कुणी बसत नाही, ते वेगळं.