दीडशे वर्षांच्या वाड्याची वार्षिक देखभाल: सुरुवात कोठून करावी?

कोनाडा:
नमस्कार. वाई येथे आमचा सुमारे दीडशे वर्षांचा दुमजली वाडा आहे. जोते दगडी, त्यावर लाकडी चौकटीत पांढऱ्या मातीच्या व विटांच्या भिंती आणि छपरावर मंगलोरी कौले, असे बांधकाम आहे. आता तेथे फक्त आई-वडील राहतात. बारा वर्षांपूर्वी ओल येते म्हणून तळमजल्याला चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि चौकात फरशी बसवली. आता ओल गिलाव्याच्या वर चढली असून तेथे लोणा लागून पोपडे पडत आहेत. ठेकेदार गिलावा आणखी वर न्या म्हणतात. मोठा खर्च सध्या झेपणार नाही, तेव्हा वर्षाकाठी थोडे थोडे काम करून वाडा कसा टिकवावा?

चुनखडी:
गिलावा वर नेऊ नका. मातीची भिंत जमिनीतले पाणी शोषते आणि पृष्ठभागावरून ते वाळू देते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी जेथे मोकळा पृष्ठभाग मिळेल तेथपर्यंत चढते आणि वाळताना क्षार मागे ठेवते. तोच आपला लोणा. उद्या आठ फुटांपर्यंत गिलावा केलात, तर तो नवव्या फुटावर दिसेल. मात्र सगळा गिलावा एकदम उखडूही नका, कारण त्याच्याबरोबर मातीही सुटून येते. पावसाळा संपल्यावर कोपऱ्यातला हातभर तुकडा काढून पाहावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच चुन्याचा गिलावा करावा.

त्याआधी पाणी येते कोठून ते शोधा. पहिल्या मोठ्या पावसात वडिलांना छत्री घेऊन चौकात उभे राहायला सांगा (गंमत नाही, तपासणीची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही): पागोळ्या जोत्यावर पडतात का, पन्हळ कोठे तुंबते, फरशीचा उतार भिंतीकडे तर नाही ना.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात शाकारणी होत असे, म्हणजे फुटकी कौले बदलायची, सरकलेली बसवायची आणि त्या निमित्ताने वासे-रिपाही नजरेखालून जायच्या. नेदरलँड्समध्ये 1973 पासून ‘मोन्युमेंटेनवाख्त’ ही संस्था जवळपास हेच करते; तिचे निरीक्षक ऐतिहासिक इमारतींची ठरावीक काळाने छपरापासून तपासणी करतात, किरकोळ दुरुस्ती तिथल्या तिथे करतात आणि मालकाला लेखी अहवाल देतात. आपण शाकारणी सोडली आणि अहवाल कधी लिहिलाच नाही. तेव्हा एक वही करा, दर मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याच जागांची छायाचित्रे काढा आणि भेगांच्या टोकांवर पेन्सिलीने तारीख घाला. भेग जुनी असून स्थिर आहे की वाढते आहे, हे कळल्याशिवाय तिच्यावर पैसे घालणे व्यर्थ आहे.

सुतारपक्षी:
वरील मताशी सहमत आहे. लाकडाबद्दल एवढेच, की खांबांचे पाय आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके आधी पाहावीत, कारण कूज तेथूनच सुरू होते. ठोकल्यावर आवाज पोकळ आला किंवा वाळवीच्या मातीच्या रेघा दिसल्या, तर जाणकार सुताराला बोलवावे. तैलरंग मात्र देऊ नये, ओल आत कोंडते. जोत्याच्या सांध्यात पिंपळ उगवला असल्यास रोप ओढून काढू नका, दगड ढिले होतात; कोवळे असतानाच कापून मूळ मारावे लागते.

कोनाडा:
आपले दोघांचे मनःपूर्वक आभार. वडिलांशी बोललो. फरशी बसवताना चौकाची पातळी वाढल्यामुळे दोन खांबांचे तळखडे (खांबाखालचे बैठकीचे दगड) तिच्याखाली गाडले गेले आहेत, असे ते म्हणतात. हे गंभीर आहे का?

सुतारपक्षी:
होय. तळखडा असतोच लाकूड जमिनीपासून वर ठेवण्यासाठी. त्या दोन खांबांभोवतीची फरशी या पावसाळ्याआधी काढून घ्या, बाकी सर्व कामे नंतर. पाय मऊ लागला तर वरचा भार टेकूवर घेतल्याशिवाय खांबाला हात लावू नये, आणि त्या वेळी जुन्या वाड्यांची कामे केलेल्या वास्तुविशारदाला प्रत्यक्ष जागेवर बोलवावे.