बाबांच्या कॉम्प्युटरला ऑटो लॉगिन (पासवर्ड न विचारता थेट आत) लावलं, घरात दोन तट पडलेत. तुमचं मत काय?

सांगलीचा_थोरला

बाबा ७६ वर्षांचे, सांगलीला आई आणि ते दोघंच असतात. मी पुण्यात, धाकटा बंगळुरूला. बाबांना मराठी टायपिंगचा नाद आहे, इनस्क्रिप्ट (देवनागरीची सरकारी मांडणी) कीबोर्ड येतो, ज्येष्ठ नागरिक संघाची इतिवृत्तं तेच लिहितात, शिवाय रोज तास-दोन तास स्वतःचं काहीतरी लिहीत बसतात. गेल्या महिन्यात तीनदा सकाळी सहा-साडेसहाला फोन आला, अरे पासवर्ड घेत नाहीये. मी म्हणायचो सावकाश टाका, ते म्हणायचे सावकाशच टाकतोय रे. टाकताना नुसते टिपके दिसतात, काय उमटतंय कळायला मार्ग नाही.

परवा रविवारी गेलो तेव्हा शेजारी बसून बघितलं. लॉगिनच्या स्क्रीनवर कीबोर्ड मराठीतच अडकून राहिला होता, म्हणजे बाबा बरोबर बटणं दाबत होते आणि आत देवनागरी अक्षरं जात होती. हात कापतो त्यांचा, एकेक बटण शोधून दाबतात, आणि एवढं सगळं करून पासवर्ड चुकीचा आहे असं आलं की चेहरा असा पडतो की बघवत नाही. आपलंच डोकं चालेनासं झालंय असं वाटायला लागलं होतं त्यांना.

मी तिथल्या तिथे रनमध्ये एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड टाकून 'यूजरनेम आणि पासवर्ड टाकलाच पाहिजे' वाली टिक काढली. (टिक आधी दिसतच नव्हती, सेटिंग्जमधे साइन-इन ऑप्शन्सला जाऊन फक्त विंडोज हॅलोने (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने) साइन-इन वालं बटण बंद केलं तेव्हा दिसली, कुणाला लागलं तर असू दे.) आता बटण दाबलं की थेट डेस्कटॉप. धाकटा मात्र जाम चिडलाय, म्हणतो तू घराचं दार उघडं टाकून आलास. माझं म्हणणं, घराला कुलूप आहे, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे, घरात दोनच माणसं, मग पासवर्ड कुणापासून?

मशीनवाला

धाकट्या भावाचं बरोबर आहे, राग मानू नका. मी बरीच वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. घरातला कॉम्प्युटर घरातच राहतो हा समज चुकीचा आहे, एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) उडाला, रॅम ढिली झाली की सीपीयू उचलून दुकानात येतोच. ऑटो लॉगिन असलेलं मशीन चालू केलं की समोर काय दिसतं सांगतो, डेस्कटॉपवर आधारची पीडीएफ, पॅन, रिटर्नची फाइल, ब्राउझर उघडला की जीमेल आत, व्हॉट्सअॅप वेब आत. मी बघत नाही, पोरांनाही बघू देत नाही, पण तुमच्या बाबांना दुकानदार कसा भेटेल ते तुम्ही ठरवणार आहात का?

आणि ज्यांना ती टिक सापडत नाही ते नेटवर बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालतात. विनलॉगॉनच्या कीमधे ऑटो-अॅडमिन-लॉगॉनला १ देतात आणि खाली डिफॉल्ट-पासवर्ड म्हणून पासवर्ड चक्क लिहून ठेवतात. तो तिथे साध्या अक्षरांत पडून असतो, कुणीही उघडून वाचावा. तोच पासवर्ड जर मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा असेल तर मेल, वनड्राइव्ह सगळंच गेलं. करायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधलं ऑटोलॉगॉन नावाचं छोटं टूल वापरा, ते निदान एनक्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवतं. अर्थात अॅडमिन हक्क असलेला माणूस तेही काढू शकतो.

जुना_पेंटियम

मी थोरल्याच्या बाजूने. विंडोज ९८ ला लॉगिनची चौकट यायची ती एस्केप दाबलं की निघून जायची आणि माणूस आत, अख्ख्या पिढीने घरातले कॉम्प्युटर असेच वापरले. लोकांना वाटतं पासवर्ड टाकला म्हणजे आतलं सगळं कुलपात गेलं, तसं काही नसतं. डिस्क एनक्रिप्ट केलेली नसेल तर ती काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची, सगळे फोटो सगळे कागद समोर. मशीनवाल्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मग जो पासवर्ड चोराला अडवत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी अडवतो तो ठेवायचा कशाला, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

कांदेपोहे_आणि_कोड

पेंटियमकाका, सांगतो. डिस्क काढून लावली तर फोटो आणि कागद दिसतील हे खरं, पण क्रोममधे सेव्ह केलेले पासवर्ड विंडोजच्या लॉगिनशी बांधून एनक्रिप्ट केलेले असतात, ते नुसती डिस्क लावून वाचता येत नाहीत. ऑटो लॉगिन असेल तर ही अडचणच राहत नाही, मशीन चालू केलं की विंडोज स्वतःच चोराला यूजर समजून सगळं उघडून देतं. म्हणजे आधी तो कागद नेत होता, आता किल्ल्यांचा जुडगासुद्धा नेतो. फरक आहे आणि मोठा आहे.

अजून एक, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एनक्रिप्शन आधीपासून चालू असतं. तिथे डिस्क काढून काहीही मिळत नाही, पण मशीन सुरू होताना आतली टीपीएम चिप डिस्क आपोआप उघडते, मग लॉगिनचा पासवर्ड एवढं एकच दार उरतं. तेही काढलं तर त्या एनक्रिप्शनचा चोरीच्या वेळी उपयोग शून्य. मॅकवाल्यांनी फाइलव्हॉल्ट (त्यांचं डिस्क एनक्रिप्शन) चालू असेल तर ऑटोमॅटिक लॉगिन चालूच होऊ दिलेलं नाही, ते याचसाठी.

मिंटवाली

लिनक्स मिंटवर (विंडोजऐवजी वापरायची मोफत सिस्टिम) माझं तीन वर्षं ऑटो लॉगिन आहे, लॉगिन विंडोच्या सेटिंगमधे नाव टाकलं की झालं. फक्त क्रोम उघडताना कीरिंगचा (सेव्ह केलेले पासवर्ड ठेवायची तिजोरी) पासवर्ड मागतो, कारण लॉगिनला पासवर्डच टाकला नाही तर कीरिंग उघडणार कशाने. लोक वैतागून कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवतात, ते करू नका, मग आतलं सगळं उघड्यावर पडतं. मला हीच पद्धत आवडते, मशीनमधे यायला मोकळं, किल्ल्यांपाशी गेलं की विचारणार.

उंबरठ्याआत

सगळे चोराबद्दल बोलताय. मला घरातल्या माणसांबद्दल बोलायचंय.

लग्न होऊन आले तेव्हा सासरी हॉलमधे एक कॉम्प्युटर होता, एकच अकाउंट, पासवर्ड नाही. मी माझं वेगळं अकाउंट करून पासवर्ड लावला तर दुसऱ्याच दिवशी जेवताना विषय निघाला, घरात पासवर्ड कशाला, आपलेच तर आहेत सगळे. वाईट हेतूने कुणी बोललं नव्हतं. पण मी तेव्हा नोकरीसाठी अर्ज करत होते आणि अजून घरात सांगितलं नव्हतं, आईला लांबलचक मेल लिहायचे, त्यात जे असायचं ते फक्त आईसाठी होतं. त्या घरात मला वेगळी खोली नव्हती, कपाटही सासूबाईंबरोबर वाटून घेतलेलं. आतून कडी लावता येईल अशी एकच जागा होती आणि ती म्हणजे ते अकाउंट. शेवटी पासवर्ड काढावा लागला आणि मी मेल लिहिणं बंद केलं, आईला वाटलं मी रमले.

थोरले दादा, पासवर्ड कुणापासून असं तुम्ही विचारलंत म्हणून एवढं लिहिलं. ऑटो लॉगिन एका अकाउंटला लागतं, त्या अकाउंटमधे ज्याचं काही आहे त्या प्रत्येकाचं ते उघडं होतं. तुमच्या आई तोच कॉम्प्युटर वापरतात का? आणि बाबांना विचारून टिक काढलीत की तुम्हीच ठरवलंत?

जुना_पेंटियम

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमच्या जागी मी असतो तर मीही पासवर्ड लावला असता. पण प्रत्येक घर तसं नसतं हो. इथे नवराबायको पन्नास वर्षं एकत्र आहेत, त्यांच्यात पासवर्ड कसला?

उंबरठ्याआत

ते आपण कोण ठरवणार काका, पन्नास वर्षं झाली तरी.

धुळ्याचा_नातू

मधला मार्ग म्हणून पिन ठेवा ना. चार आकडे टाकायचे, एंटर पण दाबावा लागत नाही, आणि पिन त्या एका मशीनपुरता असतो, कुणाला कळला तरी त्याने दुसरीकडून मेल उघडत नाही. माझ्या आजीला मी आधी यूएसबीवालं फिंगरप्रिंट आणून दिलं होतं पण तिचा आधारलाच अंगठा लागत नाही, आयुष्यभर भांडी-शेती करून रेषा झिजल्यात, तिथे कुठला लागणार. पिनवर मात्र ती खूष आहे. एकच काळजी घ्या, सुरुवातीला बऱ्याचदा नमलॉक बंद असतो आणि उजवीकडचे आकडे उमटतच नाहीत, वरच्या ओळीतले आकडे वापरायला शिकवा.

कांदेपोहे_आणि_कोड

मूळ रोग वेगळाच आहे आणि औषध भलत्याच जागी लावलंय असं मला पहिल्यापासून वाटतंय. बाबा पासवर्ड विसरत नव्हते, कीबोर्ड मराठीत अडकत होता. लॉगिन स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली भाषेचं चिन्ह असतं, विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते, आणि पासवर्डच्या चौकटीत टोकाला डोळा असतो तो दाबून धरला की टिपक्यांऐवजी अक्षरं दिसतात. कायमचं करायचं तर आधी स्वतःच्या अकाउंटला इंग्रजी पहिली ठेवा, मग कंट्रोल पॅनलमधे रीजन, त्यात अॅडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथे कॉपी सेटिंग्ज, आणि वेलकम स्क्रीनसमोर टिक. लॉगिनला मग इंग्रजी येतं आणि आत गेल्यावर मराठी हवी तेव्हा.

सांगलीचा_थोरला

ताई, तुमचा प्रश्न लागला. बाबांना विचारलं नव्हतं. टिक काढली, मशीन बंद करून चालू करून दाखवलं, ते 'बरं झालं' म्हणाले आणि मी निघालो. काल रात्री फोन करून नीट विचारलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, पासवर्ड परत लावलास तर बरं होईल. दुपारी शेजारची मुलं प्रोजेक्टचं प्रिंट काढायला येतात, आईही भजनाच्या चाली ऐकायला बसते, आणि मी जे लिहितोय ते अजून कुणी वाचावं असं मला वाटत नाही. काय लिहिताय असं मी विचारलं नाही.

मग दुसरं म्हणाले, लाईट गेल्यावर पासवर्ड टाकायला माझी कधीच ना नव्हती रे, पण चहाला उठलो आणि परत येऊन बसलो की तेवढ्यात पुन्हा मागतो, दिवसात आठ-आठ वेळा, ते तेवढं बंद कर. म्हणजे त्रास कशाचा होता तेच मला कळलं नव्हतं, मी भलतंच दार काढून ठेवलं.

आज रिमोटने बसलो त्यांच्याबरोबर. वेलकम स्क्रीनची भाषा इंग्रजी केली, टिक परत लावली, बाबांना पिन दिला, तो त्यांनीच ठरवला आणि मी तेवढ्यात फोनवरून नजर बाजूला घेतली. साइन-इन ऑप्शन्समधे झोपेतून उठल्यावर परत विचारू नये असं केलंय. आईला आणि मुलांना एक वेगळं साधं अकाउंट करून दिलं, त्याला पासवर्ड नाही, त्यात गाणी आणि प्रिंटर एवढंच आहे. धाकट्याला कळवलंय.

मशीनवाला

छान केलंत. पण झोपेतून उठल्यावर विचारत नाही म्हणजे बाबा चहाला गेले की त्यांचं लिखाण उघडंच राहणार, मुलं दुपारी येतात म्हणालात. त्यांना विंडोज की आणि एल शिकवा, खुर्चीवरून उठताना दाबायचं. आणि पिन विसरला तर अकाउंटचा मूळ पासवर्ड लागेल, तो डायरीत लिहून बाबांच्याच कपाटात ठेवायला सांगा.

सांगलीचा_थोरला

एल वालं उद्या सकाळी सांगतो. दाबायचं की नाही ते तेच ठरवतील.